स्वप्नरंजन पुरेसं नाही

ध्येय गाठल्याचं चित्र मनात रंगवत राहा, उमेद आपोआप येईल, हा सल्ला अर्धाच खरा आहे. गाब्रिएले ओटिंगेन आणि थॉमस वॅडन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये वजन घटवू पाहणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याला जमेल अशी खात्री असणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं. सडपातळ झाल्याच्या गोड कल्पनांत रमणाऱ्यांचं मात्र कमी. मग आशावाद सोडायचा का? मुळीच नाही. विश्वास हवाच, पण अडथळ्याचा विचारही आधीच व्हायला हवा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांची ‘अमुक झालं, तर तमुक करीन’ ही पद्धत त्यासाठीच आहे. ती यांत्रिक वाटते खरी, पण थकल्या मनाला ऐनवेळी निर्णय घ्यावा लागत नाही, हाच तिचा फायदा. नुसतं ‘रोज चालीन’ म्हणण्यापेक्षा ‘पाऊस आला, तर जिना चढउतार करीन’ हे ठरवणं केव्हाही उपयोगाचं.