गाडीच्या रंगावरील जाळे : झाकावे की काढावे?

धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातून दोन मोठे राष्ट्रीय महामार्ग जातात. एक सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येरमाळा करीत बीडकडे जाणारा ५२ क्रमांकाचा, आणि दुसरा नळदुर्ग, उमरगा करीत हैदराबादकडे जाणारा ६५ क्रमांकाचा. या दोन्ही रस्त्यांच्या कडेला गाड्या धुण्याची, डेंटिंग-पेंटिंगची आणि पॉलिशची दुकाने आहेत. त्यांत आपले अनेक कारागीर बांधव रोजी कमावतात. या धंद्यातील एका बारीकशा, परंतु नफ्या-तोट्याच्या आणि इमानदारीच्या दृष्टीने मोठ्या गोष्टीविषयी आज लिहावयाचे आहे.

गेल्या वर्षी घरातील लग्नापूर्वी आम्ही आमची काळ्या रंगाची गाडी अशाच एका दुकानात पॉलिशला दिली. उन्हात उभी केली की तिच्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसत. संध्याकाळी गाडी हाती आली तेव्हा ती आरशासारखी चमकत होती. आम्ही खूश होऊन ठरल्यापेक्षा शंभर रुपये जास्त दिले. तीन वेळा गाडी धुतली आणि जाळे जसेच्या तसे परत आले. शिवाय बॉनेटच्या काठावर बोटभर लांबीचा एक निस्तेज पट्टा दिसू लागला. दुकानाचे नाव घेण्याचा आमचा हेतू नाही. काम करणारा मुलगा मेहनती होता, दिवसभर राबला होता. पण त्याला कोणी नीट शिकवलेच नव्हते.

पुढे उमरग्याच्या वाटेवरील एका वयस्क उस्तादांनी ती गाडी पाहिली आणि म्हणाले, "सेठ, जे काढायचे होते ते काढले नाही, त्यात तेल भरले. आणि काठावर जे काढायचे नव्हते ते मात्र काढले." हे वाक्य आम्ही विसरलो नाही.

ओरखडा म्हणजे नेमके काय?

पूर्वीच्या अँबॅसिडर किंवा पद्मिनी गाडीला पॉलिश केले की फडक्याला गाडीचा रंग लागत असे. कारण त्या गाड्यांवर साधारणपणे रंगाचाच थर वर असे. आजच्या बहुतेक गाड्यांवर खाली प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर असतो. कारागीर त्याला 'क्लिअर' म्हणतात. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सर्व थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतात आणि त्यात क्लिअरचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरतात. म्हणजे ज्या थरावर आपण मशीन चालवतो तो केसापेक्षाही पातळ आहे.

जाळे या क्लिअरच्या अगदी वरच्या भागात असते. हे ओरखडे खरे तर गोल नसतात, ते सर्व दिशांना गेलेले असतात. त्यांपैकी उजेडाला आडवे असतील तेवढेच चमकतात, म्हणून सूर्याभोवती वर्तुळे दिसतात. घासलेले स्टीलचे ताट बल्बखाली धरून पाहा, तेच दिसेल.

कापडाला रफू करता येते, कारण गेलेल्या धाग्याच्या जागी दुसरा धागा घालता येतो. रंगाचे तसे नाही. ओरखडा म्हणजे खाच. मशीनने खाच भरत नाही. तिच्या भोवतीचा थर खाचेच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो, तेव्हा ती नाहीशी होते. म्हणजे प्रत्येक पॉलिशमध्ये ग्राहकाचे थोडे भांडवल खर्च होते. हलक्या पॉलिशला एक-दोन मायक्रॉन, जोरदार कंपाऊंडला त्याहून जास्त. उन्हापासून रंगाचे रक्षण करणारी द्रव्ये क्लिअरमध्येच असतात. तो फार पातळ झाला की काही वर्षांत रंग फिका पडतो आणि पापुद्रे सुटतात. म्हणून जेवढे गरजेचे तेवढेच काढणे, हेच या कामाचे पहिले तत्त्व आहे.

मशीन कोणते घ्यावे?

मशीन दोन प्रकारचे. पहिले रोटरी. त्याचे पॅड एकाच आसाभोवती गरगर फिरते. काम लवकर होते, पण उष्णता फार निर्माण होते. एका जागी क्षणभर जास्त थांबले किंवा काठावर गेले की क्लिअर जळतो. अनाडी हातात हेच मशीन नवे जाळे पाडते. उजेडात ते पट्ट्यापट्ट्यांनी हलताना दिसते, त्याला 'होलोग्राम' म्हणतात. दुसरे मशीन ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे 'डीए'. त्याचे पॅड फिरते आणि फिरता फिरता लहान वर्तुळात हलतेही. बहुतेक डीए मशीनवर दाब जास्त पडला की पॅडचे फिरणे मंदावते. काम हळू होते, पण नुकसानीचा धोका कमी. उस्तादाच्या हातात रोटरी शोभते. शागिर्दाच्या हातात आधी डीएच द्यावे. एकट्याला परवडत नसेल तर दोघा-तिघांनी भागीदारीत घ्यावे. व्याजाच्या कर्जात पडू नये.

कामाची रीत

गाडी सावलीत आणि थंड असावी. दुपारच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर कंपाऊंड क्षणात वाळते. प्रथम शाम्पूने नीट धुवावी. नंतर क्ले, म्हणजे खास मातीचा गोळा, साबणाच्या पाण्यावर हलक्या हाताने फिरवावा. रंगात रुतलेली कचकच तो ओढून घेतो. ही कचकच राहिली तर पॅडखाली तीच नवे ओरखडे पाडते. मग पत्र्याचे काठ, रबर आणि प्लॅस्टिक यांवर मास्किंग टेप लावावी. काठावर क्लिअर मुळातच पातळ असतो. आमच्या गाडीचे नुकसान तिथेच झाले.

यानंतर नखाची परीक्षा करावी. ओरखड्यावरून नख हलकेच फिरवले आणि ते अडकले, तर ओरखडा खोल आहे. त्याच्या मागे लागू नये.

आता दोन फूट लांब, दोन फूट रुंद एवढ्याच जागेवर प्रयोग करावा. आधी मऊ पॅड आणि बारीक पॉलिश. जाळे गेले तर तेवढेच पुरे. गेले नाही तरच मध्यम, आणि शेवटी जाड कंपाऊंड. पॅडचा रंग पाहून कठीण की मऊ हे ठरवू नये. प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब पुरतात. कमी वेगावर ते पसरावे, मग वेग वाढवून मशीन आडवे आणि उभे चालवावे. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याच्या निम्म्या भागावरून जावा. हात सावकाश चालवावा, सेकंदाला इंचभर. पत्रा तळहाताला चटका देईल इतका तापू देऊ नये. पॅड वरचेवर ब्रशने साफ करावे. गाडीचा एखादा भाग पूर्वी बाहेर रंगवला असेल तर त्याची जाडी निराळी असते, म्हणून तेथे नवा प्रयोग करावा. मोठे दुकान असेल तर जाडी मोजण्याचे यंत्र अवश्य बाळगावे.

बाटल्यांवरील मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो, त्यामुळे ही अडचण आम्हास ठाऊक आहे. बाटली दुकानात आली की त्याच दिवशी मार्करने तिच्यावर आपल्या लिपीत 'जाड', 'मध्यम', 'बारीक' असे लिहून ठेवावे. एका चुकीच्या बाटलीची किंमत एका बॉनेटच्या रंगाइतकी असते.

अर्धा दोष कापडाचा

हे जाळे येते कोठून? मशीनपेक्षा ते फडक्याने अधिक येते, आणि येथे आम्ही आमच्या धंद्याच्या अनुभवाने बोलू शकतो. आपल्याकडे रस्त्याची धूळ भरपूर. सकाळी ड्रायव्हर कोरडे फडके घेऊन ती धूळ पुसतो. तो धूळ पुसत नाही, धुळीने रंग घासतो. बोअरचे जड पाणी उन्हात वाळले की पांढरे डाग पडतात. मग ते डाग घासताना पुन्हा ओरखडे.

सोलापूरचा टेरी टॉवेल अंग पुसण्यास उत्तम, त्याचे नाव देशभर आहे. पण गाडीचे काम त्याचे नव्हे. त्याच्या सुती फासांत खडा अडकला की तो तेथेच राहतो, आणि जाड शिवलेली किनार तर रंगावर कानसच. गाडीसाठी मायक्रोफायबर घ्यावे. हे पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांच्या अतिबारीक धाग्यांचे असते. ८० आणि २० असे प्रमाण सर्रास मिळते. वजन ३०० ते ४०० जीएसएमच्या दरम्यान असावे, किनार मऊ किंवा बिनशिवणीची असावी, आणि कंपनीचे लेबल आधी कापून टाकावे. सुती कपड्यांबरोबर ते धुऊ नये, कारण त्यात सुताची कुसे अडकतात. कपडे मऊ करणारे द्रावण वापरू नये, इस्त्री करू नये. जमिनीवर पडलेले फडके धुतल्याशिवाय पुन्हा रंगाला लावू नये. गाडी धुताना दोन बादल्या ठेवाव्या, एक शाम्पूची, एक मळ खळबळून काढण्याची. वरून खाली धुवावे, चाके शेवटी आणि वेगळ्या फडक्याने.

ओल्या धान्याची रास

आता मूळ मुद्दा. बाजारात तेलकट आणि मेणकट पॉलिश मिळते, ते खाचा भरून जाळे झाकते. गाडी संध्याकाळपुरती झळकते, दोन-तीन धुण्यांत ते भरण निघून जाते. अशी वस्तू वापरणे हा गुन्हा नव्हे. एखाद्याला लग्नापुरतीच चमक हवी असेल, क्लिअर आधीच पातळ असेल, तर झाकणेच शहाणपणाचे. परंतु झाकून 'काढले' म्हणणे आणि काढण्याचे पैसे घेणे, ही फसवणूक आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचा तो प्रसंग आपणा सर्वांस माहीत आहे. धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. तेव्हा ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे असे बजावले. वरून कोरडी रास आणि वरून चमकणारे बॉनेट यांत फरक काय?

सुदैवाने यावर सोपी कसोटी आहे. पॉलिश झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून त्या जागेवर फवारावे आणि स्वच्छ फडक्याने पुसावे. वरचे तेल निघून जाते. मग बॅटरीच्या उजेडात पाहावे. जाळे दिसले नाही तर ते खरोखर गेले. त्यानंतरच मेण किंवा सीलंट लावावे. ही कसोटी ग्राहकासमोर करावी. जाहिरातीचा यापेक्षा चांगला मार्ग नाही.

उमरग्याच्या वाटेवरील त्या उस्तादांनी हेच केले. त्यांनी पूर्ण दिवस घेतला. काठावरील पट्ट्याला हात लावला नाही. तो पॉलिशने सुधारणार नाही, रंगवावाच लागेल, असे स्पष्ट सांगितले. दरवाजावरील दोन खोल ओरखडे तसेच सोडले आणि बिलावर स्वतःच्या हाताने लिहिले, "दोन ओरखडे राहिले आहेत, काढणे योग्य नाही." पैसे आधीच्या दुकानापेक्षा जास्त घेतले. आम्ही एका शब्दाने घासाघीस केली नाही, आणि त्यानंतर आमच्या ओळखीतील चार गाड्या त्यांच्याकडे गेल्या.

कारागीर बांधवांनी विचार करावा. ग्राहक गाडी सोपवून जातो तेव्हा केसापेक्षा पातळ असा तो थर आपल्या हाती अमानत असतो. तो किती उरला हे त्याला दिसत नाही. ते फक्त कारागिराला आणि अल्लाहला ठाऊक असते. जे राहिले ते बिलावर लिहून देणाऱ्याच्या रोजीत, इन्शाअल्लाह, बरकतच होईल.