विश्लेषण : हायड्रोजन भुकटीत साठवता येतो, मग गाडीच्या टाकीत का नाही?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी ३० मार्च २०२२ रोजी हायड्रोजनवर चालणाऱ्या टोयोटा मिराई मोटारीतून संसदेत पोहोचले, तेव्हा चर्चा झाली ती धुराऐवजी पाणी सोडणाऱ्या इंजिनाची. त्या मोटारीतील खरी अवघड वस्तू मात्र इंजिन नव्हती, टाकी होती. कार्बन फायबरच्या तीन टाक्यांत मिळून साधारण ५.६ किलो हायड्रोजन, तोही ७०० बार दाबाखाली. मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या सुमारे ३०० पट हा दाब. एवढा दाब न वापरता हायड्रोजन साठवण्याचा मार्ग रसायनशास्त्रज्ञ अनेक दशके शोधत आहेत. त्यातला एक महत्त्वाचा टप्पा १९९७ मध्ये जर्मनीत गाठला गेला.

हायड्रोजन साठवणे इतके अवघड का?

वजनाच्या हिशेबात हायड्रोजनसारखे इंधन नाही. एक किलो हायड्रोजनमध्ये एक किलो पेट्रोलच्या जवळपास पावणेतीन पट ऊर्जा असते. पण नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला हा एक किलो वायू सुमारे १२ हजार लिटर जागा व्यापतो. म्हणजे इमारतीच्या गच्चीवर असतात तशा हजार लिटरच्या १२ टाक्या, फक्त एका किलोसाठी!

मग तो दाबून भरायचा किंवा उणे २५३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून द्रवरूप करायचा. दाबण्यासाठी महागडी टाकी लागते. थंड करण्यात त्या हायड्रोजनमधल्या ऊर्जेच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतकी वीज जाते आणि तरीही तो हळूहळू उकळून उडत राहतो.

रासायनिक साठवण म्हणजे काय?

वायू कोंडण्याऐवजी त्याचे अणू दुसऱ्या पदार्थाशी बांधून टाकायचे आणि हवे तेव्हा उष्णता देऊन सोडवायचे, ही यामागची कल्पना. ऐकायला विचित्र वाटेल, पण एक लिटर द्रवरूप हायड्रोजनमध्ये ७१ ग्रॅम हायड्रोजन असतो, तर तेवढ्याच आकारमानाच्या मॅग्नेशियम हायड्राइड या घन पदार्थात सुमारे ११० ग्रॅम. घन पदार्थात अणू अधिक दाटीने बसतात.

अडचण सोडवण्याच्या वेळी येते. मॅग्नेशियम हायड्राइड हायड्रोजन सोडते ते साधारण ३०० अंशांना. मोटारीतील इंधन घटाची, म्हणजे फ्युएल सेलची, वाया जाणारी उष्णता मात्र ८० अंशांच्या आसपास असते. उरलेली उष्णता आणायची कुठून? साठवलेला हायड्रोजनच जाळायचा, तर साठवण्याला अर्थ काय उरला?

जर्मनीत काय सापडले?

रूर खोऱ्यातील म्युलहाइम येथे माक्स प्लांक संस्थेची कोळसा संशोधन प्रयोगशाळा आहे. तिथले बोरिस्लाव्ह बोग्दानोविच आणि मानफ्रेड श्विकार्डी सोडियम ॲलनेट या पांढऱ्या भुकटीवर काम करत होते. सोडियम, ॲल्युमिनियम आणि हायड्रोजन यांचे हे संयुग तापवले की दोन टप्प्यांत हायड्रोजन सोडते. पहिल्या टप्प्यात वजनाच्या ३.७ टक्के, दुसऱ्यात १.९ टक्के. ही गोष्ट नवी नव्हती. पण हायड्रोजन एकदा निघून गेला की उरलेल्या चुऱ्यात तो परत भरणे व्यवहारात अशक्यप्राय मानले जाई. त्यामुळे ही भुकटी काडेपेटीतल्या काडीसारखी एकदाच वापरायची, असा समज होता.

या दोघांनी तिच्यात टायटॅनियमच्या संयुगाचा अगदी थोडा अंश मिसळला. हायड्रोजन कमी तापमानाला सुटू लागला आणि दाबाखाली पुन्हा भरलाही गेला. टायटॅनियम तिथे नेमके काय करते, यावर पुढे बरीच वर्षे वाद झाला. योगायोग असा की, ॲल्युमिनियम आणि टायटॅनियमच्या संयुगांची जोडी याच संस्थेने आधी प्रसिद्ध केली होती. तिथले संचालक कार्ल झीग्लर यांना १९६३ मध्ये नोबेल मिळाले ते या जोडीच्या मदतीने प्लास्टिक बनवण्याच्या पद्धतीसाठी.

मग मोटारीत ही भुकटी का आली नाही?

हायड्रोजन बांधला जाताना उष्णता बाहेर पडते, हे पहिले कारण. सोडियम ॲलनेटच्या बाबतीत दर मोल हायड्रोजनमागे ती सुमारे ४० किलोज्यूल आहे. पाच किलो हायड्रोजन म्हणजे जवळपास २,५०० मोल, म्हणजे १०० मेगाज्यूल उष्णता. पेट्रोल पंपावर लागतात तशी पाच मिनिटे धरली, तर ३०० किलोवॉटहून अधिक उष्णता सतत बाहेर काढावी लागेल. बाथरूममधले दोन किलोवॉटचे १५० गीझर एकाच वेळी चालू असावेत, तसा हा प्रकार. शीतकरणाच्या नळ्यांचे जाळे टाकीत घालायचे, तर तिचे वजन आणखी वाढते.

वजनाचे गणित तसेही तंगच आहे. टाकी, नळ्या, भुकटी असे सगळे धरून एकूण वजनाच्या ६.५ टक्के हायड्रोजन असावा, असे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे अंतिम लक्ष्य आहे. सोडियम ॲलनेटची नुसती भुकटीच ५.६ टक्क्यांवर थांबते. शिवाय पाणी लागले की ती पेट घेऊ शकते.

अमोनिया बोरेन या दुसऱ्या पदार्थात तर १९.६ टक्के हायड्रोजन असतो. पण रिकामा झालेला माल नुसत्या दाबाने भरत नाही, कारखान्यात परत न्यावा लागतो. लॉस ॲलामॉस प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये हायड्राझीन वापरून तो पूर्ववत करून दाखवला. मात्र हायड्राझीन स्वतःच विषारी आणि महाग.

कुठे वापर होतो का?

होतो, जिथे वजनाची तक्रार नसते तिथे. जर्मनीच्या २१२ वर्गातील पाणबुड्यांमध्ये इंधन घटांसाठीचा हायड्रोजन धातूंच्या हायड्राइडमध्येच साठवतात. पाणबुडीला जड असणे मुळात हवेच असते. भारतात बनारस हिंदू विद्यापीठातील प्रा. ओंकारनाथ श्रीवास्तव यांच्या गटाने हायड्राइडच्या टाकीवर मोटारसायकल आणि तीनचाकी चालवून दाखवली होती. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. एप्रिल २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

भारतासाठी हा प्रश्न किती महत्त्वाचा?

केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला किमान ५० लाख टन उत्पादनाचे लक्ष्य आहे. खत कारखाने आणि तेलशुद्धीकरण प्रकल्पांत हायड्रोजन जागेवरच बनवून वापरता येतो, तिथे साठवणुकीची डोकेदुखी कमी. निर्यात करायची तर मात्र तो कशात तरी बांधावाच लागेल.

सध्या त्यासाठी अमोनिया पुढे आहे. त्यात वजनाच्या १७.६ टक्के हायड्रोजन असतो, तो उणे ३३ अंशांना द्रवरूप होतो आणि त्याची जहाजे, बंदरे, टाक्या आधीपासून आहेत. पण त्यातून हायड्रोजन परत काढायला मोठे तापमान लागते आणि मागे राहिलेला किंचित अमोनियाही मोटारीतील इंधन घट बिघडवतो. जपानच्या जेरा कंपनीने २०२४ मध्ये हेकिनान वीज केंद्रात हायड्रोजन परत काढण्याची पायरीच वगळली आणि कोळशासोबत २० टक्के अमोनिया थेट जाळून पाहिला.