रेफर केलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं?

रायगडात वडखळजवळ अपघात झाला की जखमी पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात येतात, कोलाडकडे झाला की रोह्याच्या. केसपेपर निघतो, रक्तस्राव थांबवतात, सलाइन लागतं. आणि डोक्याला जबर मार असेल तर रेफर. अलिबागचं जिल्हा रुग्णालय, कामोठ्याचं एमजीएम, नाहीतर थेट मुंबई. धाटाव एमआयडीसीत गंभीर भाजलेल्या कामगाराला ऐरोलीच्या बर्न्स सेंटरपर्यंतही न्यावं लागतं. अशा ठिकाणची कॅज्युअल्टी चांगली की वाईट, हे ठरवायचं कशावरून?

मृत्यूच्या आकड्यावरून नक्कीच नाही. पुढे पाठवलेला अत्यवस्थ रुग्ण दगावला, तर नोंद दुसऱ्याच्या रजिस्टरमध्ये होते. जो डॉक्टर रुग्णाला थांबवून तासभर झुंजतो, त्याचाच आकडा वाईट दिसतो. हे मला अन्यायाचं वाटतं.

मग वेळ मोजावी? इंग्लंडने मोजली. २००४ अखेर ९८ टक्के रुग्ण चार तासांच्या आत आपत्कालीन विभागातून भरती किंवा घरी जायला हवेत, असं लक्ष्य ठेवलं. लोकांचं ताटकळणं खरोखरच कमी झालं. पण चार तास भरत आले की शेवटच्या काही मिनिटांत रुग्ण हलवण्याची एकच धांदल उडते, हेही नोंदींतून दिसलं. २०१० मध्ये ते लक्ष्य ९५ टक्क्यांवर आणलं गेलं.

तालुक्याच्या रुग्णालयाला वेगळं घड्याळ हवं. हृदयविकाराचा तीव्र झटका आलेल्या रुग्णाला अँजिओप्लास्टीसाठी दुसरीकडे न्यायचं असेल, तर पहिल्या दारातून आत येऊन पुन्हा बाहेर पडेपर्यंत ३० मिनिटांहून जास्त लागू नयेत, असा जागतिक दंडक आहे. त्यात पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी, मग निर्णय, पुढच्या रुग्णालयाशी बोलणं आणि अॅम्ब्युलन्स. राज्यात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ ला ग्रामीण भागात पोहोचायलाच ३० मिनिटांची मुभा आहे. म्हणजे डॉक्टरने काहीही चूक न करता वेळ हुकू शकते. ती नेमकी कुठे हुकली हे कळावं, यासाठीच प्रत्येक टप्प्याची वेळ लिहायची. अँजिओप्लास्टी करणारी कॅथलॅब फारच लांब असेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथंच द्यायचं. त्यालाही रुग्ण आल्यापासून ३० मिनिटंच.

सर्पदंशात मात्र हेच घड्याळ उलटं फिरतं. भातलावणीत घोणस किंवा फुरसं चावलेल्या माणसाचं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही, तर विष भिनलंय. प्रतिविष तिथंच सुरू करायचं. ते न देता घाईने पुढे पाठवणं जिवावर बेतू शकतं. इथे मोजायचं ते पहिला डोस किती मिनिटांत गेला हे.

याच रायगडात एका डॉक्टरांनी खरं मोजमाप करून दाखवलं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाचे गंभीर रुग्ण शंभरात तीसच्या आसपास दगावत. ते रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, फुप्फुसात साचणारं पाणी टिपत राहिले. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांची निरीक्षणं आली. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने मृत्यूचं प्रमाण दोन-तीन टक्क्यांच्या आत आलं. आपला रुग्ण जगला की गेला, हे त्यांना प्रत्येक वेळी माहीत होतं. म्हणूनच उपचार बदलता आले.

सरकारी रुग्णालयांना २०१३ पासून राष्ट्रीय गुणवत्ता मानकं लागू आहेत. प्रमाणपत्रासाठी किमान ७० टक्के गुण लागतात. ट्रॉली, औषधं, ट्रायाज म्हणजे गंभीरतेनुसार रुग्णांची वर्गवारी, हे सगळं तपासायलाच हवं. त्यासोबत पेण-रोह्याच्या रेफर रजिस्टरमध्ये एक रकाना ठळक हवा: सात दिवसांनंतर रुग्ण कसा आहे. तो भरायला एका सिस्टरला रोज थोडा मोकळा वेळ आणि एक फोन द्यावा लागेल, आणि अलिबाग-कामोठ्याला त्या फोनवर उत्तर द्यायला माणूस नेमावा लागेल.