मूत्रपिंड थकल्यावर

म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा जुनाट आजार नेहमीचा. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत साधारण पाऊण काम बंद पडलेलं असतं; ते परत येत नाही. शरीरातलं पाणी टिकावं म्हणून मानेमागची कातडी चिमटीत उचलून सलाइन घरीही देता येतं, डॉक्टरांकडून शिकून घ्या. पण सुई दिसताच मांजर रोज कपाटामागे दडत असेल, तर तेही हिशेबात धरा. अमेरिकी पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांच्या जगण्याचा दर्जा मोजणाऱ्या तक्त्यात वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि बऱ्या दिवसांचं प्रमाण या 7 बाबींना प्रत्येकी 10 पैकी गुण देतात. बेरीज 35 च्या वर असेल तर उपचार चालू ठेवायला हरकत नसते. खर्चाचं मात्र आधीच विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.