व्हिसाआधी छातीचा एक्स-रे

अवजड कारखान्यात पोलादाचे जाड पत्रे वेल्डिंगने जोडले की त्या जोडाचा एक्स-रे काढतात. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या जोडात आत पोकळी राहिली असेल, तर ती फिल्मवर दिसते. साखर कारखान्यांच्या यंत्रांपासून इस्रोच्या रॉकेटांच्या भागांपर्यंत कामे होणाऱ्या वालचंदनगरात हे कुणाला नव्याने सांगायला नको. पण इथला वेल्डर किंवा फिटर आखातात नोकरीसाठी निघतो, तेव्हा एक्स-रे त्याच्याच छातीचा निघतो आणि वर्क परमिट त्यावर अडू शकते.

सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान आणि बहरीन या देशांत कामाला जाणाऱ्यांची इथेच, मान्यताप्राप्त केंद्रात वैद्यकीय तपासणी होते. छातीचा एक्स-रे काढतात. रक्तात एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांचा शोध घेतात.

अनेकांची गाडी अडते ती जुन्या क्षयरोगाच्या खुणेवर. सहा महिने औषधे घेऊन टीबी पूर्ण बरा होतो. पण फुप्फुसात व्रण किंवा चुन्याचा ठिपका राहू शकतो. त्यातून कुणाला लागण होत नाही. तरीही आखाती देशांच्या निकषांत असा डाग ‘अनफिट’ ठरतो. ब्रिटनची पद्धत वेगळी आहे. तिथे सहा महिन्यांहून अधिक राहायला जाणाऱ्या भारतीयांना टीबीची तपासणी लागते. एक्स-रेत शंका आली तर थुंकी तपासतात आणि सक्रिय टीबी नसल्यास प्रमाणपत्र देतात.

वेल्डरांसाठी आणखी एक गोष्ट. वेल्डिंगच्या धुरातले लोहाचे सूक्ष्म कण वर्षानुवर्षे फुप्फुसात साचले, तर एक्स-रेवर बारीक ठिपके दिसतात. याला सिडेरोसिस म्हणतात. हा टीबी नव्हे. पण नुसत्या फिल्मवरून गोंधळ होऊ शकतो. म्हणून आपण किती वर्षे वेल्डिंग करतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. योग्य मास्क आणि धूर ओढून घेणारा पंखा हवाच.

हिपॅटायटिस बी ची लस अवश्य घ्यावी, पण तपासणीच्या तोंडावर नको. लसीनंतर सुमारे अठरा दिवसांपर्यंत रक्ताची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते.

काही जण दुसऱ्याचा एक्स-रे दाखवून वाट काढू पाहतात. आखातात पोहोचल्यावर निवास परवान्यासाठी पुन्हा तपासणी होते आणि तिथे अपात्र ठरल्यास परत यावे लागते. तोवर कर्ज डोक्यावर बसलेले असते.

म्हणून क्रम बदला. एजंटाला पैसे देण्याआधी, शेत गहाण टाकण्याआधी जवळच्या डॉक्टरांकडून छातीचा एक्स-रे आणि रक्ततपासणी करून घ्या. जुने एक्स-रे आणि टीबीचे उपचार पूर्ण झाल्याचा दाखला जपून ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर आधी थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधे मोफत आहेत.

एजंट केंद्र सरकारकडे नोंदणीकृत आहे का, हे ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येते. त्याला सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. पर्यटक व्हिसावर पाठवून ‘परमिट तिथे करू’ म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवावे.