फील्डवर्कला जाताना मुक्काम कुठे करायचा?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला वाटायचं, मुक्काम म्हणजे फक्त स्वस्त लॉज शोधणं. तो संशोधन पद्धतीचाच भाग आहे हे एका महिन्याचा डेटा हातचा गेल्यावर कळलं.

माझं काम कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांच्या पाण्यावर. माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि येडगाव ही चार जुन्नर तालुक्यात. पाचवं डिंभे आंबेगावात, घोड नदीवर. पुण्याहून रोज ये-जा परवडत नाही. म्हणून मी नकाशावर पाच ठिपके टाकले, अक्षांश-रेखांशांची सरासरी काढली आणि त्या बिंदूजवळ खोली घेतली. अगदी शास्त्रशुद्ध! प्रत्यक्षात गाडीत इतका वेळ गेला की नमुने गाळायला रात्र व्हायची. त्यात एकदा वीज गेली, फ्रीज बंद पडला. त्या फेरीचे अमोनियमचे आकडे टाकून द्यावे लागले. गाईडनी विचारलं, "ही खोली का?" म्हटलं, "मध्यावर होती." "कशाच्या मध्यावर?" याला उत्तर नव्हतं.

समजा, एका सरळ रस्त्यावर पाच ठिकाणं आहेत: ०, ५, ८, १२ आणि ५० किलोमीटरवर. सरासरी येते १५. तिथे राहून प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र जायचं, तर एका बाजूच्या अंतरांची बेरीज ७०. आता मध्यक घ्या, म्हणजे ८. बेरीज ५७! एकच लांबचं ठिकाण सरासरीला आपल्याकडे ओढतं, मध्यकाला नाही. माझ्या बाबतीत ते लांबचं ठिकाण डिंभे होतं.

खऱ्या रस्त्यांना फाटे असतात. तिथे हाकिमी यांनी १९६४ मध्ये सिद्ध केलेली गोष्ट कामी येते: रस्त्यांच्या जाळ्यात अंतरांची बेरीज कमीत कमी करणारी जागा एखाद्या गाठीवर, म्हणजे गावावर किंवा फाट्यावर सापडतेच. म्हणजे सगळा नकाशा धुंडाळायची गरज नाही. जुन्नर, नारायणगाव, ओतूर, घोडेगाव, मंचर एवढीच नावं तपासली तरी पुरे.

पण बेरीज करण्याआधी दोन दुरुस्त्या करा. किलोमीटरऐवजी मिनिटं धरा, आणि जिथे जास्त वेळा जायचं त्याला तेवढं वजन द्या.

काही अटी मात्र बेरजेत घालायच्याच नाहीत. त्या आधी चाळणीसारख्या लावायच्या. फ्रीजला बॅकअप आहे का? नमुने गाळायला टेबल मिळेल का? अंधाराआधी परत येता येईल का? हा बिबट्यांचा आणि उसाचा भाग. तोडणीच्या दिवसांत दिवे नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. इथे नापास झालेली खोली कितीही जवळ असो, बाद.

खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीची जागाही अशीच विचारपूर्वक निवडलेली. मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी हवा, पण दळणवळण आणि उद्योग-शिक्षणाच्या सोयीही आवाक्यात हव्यात.

मी शेवटी जुन्नर निवडलं. आणि डिंभे? ते परतीच्या दिवशी घेते: घोडेगाव, मंचर, तिथून पुणे. लांबच्या ठिकाणासाठी मुक्काम हलवण्याऐवजी ते वाटेवर बसवलं.

तुमच्या प्रपोजलमध्ये नमुन्यांची ठिकाणं असतीलच. त्याखाली एक ओळ वाढवा: मुक्काम कुठे, आणि का.