पाण्याची स्मरणशक्ती

एरंडेल तेलाने भरलेल्या उभ्या काचनळीत सायकलचा बारीक छर्रा सोडून पाहावा. क्षणभर वेग घेऊन तो पुढे एकाच संथ गतीने खाली जातो. त्या संथ गतीत त्याला होणारा रोध जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ साली सूत्रबद्ध केला: त्रिज्या, वेग आणि द्रवाची श्यानता यांच्या गुणाकाराच्या सुमारे १८.८५ पट.

कॉलेजात आपण इथेच थांबतो. पण सुरुवातीचा तो ‘क्षणभर’ या सूत्रात बसत नाही. वेग बदलत असताना द्रव आणखी दोन बले लावतो.

पहिल्यासाठी पाण्यातला हवेचा बुडबुडा घेऊ. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन. बुडबुड्याला स्वतःचेच वस्तुमान हलवायचे असते, तर सुटताक्षणी त्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या शेकडो पट झाले असते. प्रत्यक्षात ते दुपटीच्या आसपास असते. कारण त्याला भोवतालचे पाणीही हलवावे लागते. गोलाने व्यापलेल्या जागेतल्या पाण्याच्या निम्मे वस्तुमान जणू त्याच्या अंगाला चिकटते.

दुसरे बल अधिक नवलाचे. कणाचा वेग बदलला, की त्याची वार्ता श्यानतेमुळे थराथराने बाहेर पसरते. पाण्यात ०.१ मिलिमीटर पसरायला तिला साधारण शतांश सेकंद लागतो, तर १ मिलिमीटरला एक सेकंद. म्हणून आताचे बल केवळ आताच्या वेगावर ठरत नाही. मागचे सारे बदल त्यात शिल्लक असतात. ही आठवण सावकाश विरते: चौपट काळ लोटला, तरी निम्मी उरते. बुसिनेस्क यांनी १८८५ मध्ये आणि बॅसेट यांनी १८८८ मध्ये हे गणित मांडले. १९८३ साली मॅक्सी आणि रायली यांनी बदलत्या प्रवाहातल्या लहान कणासाठी ही सारी बले एका समीकरणात आणली.

अडचण हिशेबाची आहे. लाखो कणांचा प्रवास संगणकावर मांडताना प्रत्येकाचा इतिहास जपणे महागात पडते, म्हणून हे पद अनेकदा गाळले जाते. हवेतल्या धुळीला ते चालते. तिचे कण हवेपेक्षा हजारो पट घन असतात. नदीतली वाळू मात्र पाण्याच्या जेमतेम २.६५ पट, आणि समुद्रातले प्लवक तर जवळजवळ पाण्याइतकेच घन. तिथे आठवण गाळली, तर उत्तर सुबक येते, पण कण भलतीकडे पोचतो.

समीकरणातले एखादे पद खोडण्याआधी म्हणूनच विचारावे: हा कण कशात तरंगतो आहे?